पाटीं कोण

पोत्यात गुंडाळून आणली नातालीनबाईनं
लोंढ्याहून, सकाळच्या पॅसेंजरनं,
आजारी बोकड आणावा तशी मांडीवर घेऊन.
"चालू होतंय काय बघ की," म्हणाली,
"विकायची नाही. फणस आडवा झालाय विहिरीच्या वाटेवर."

एकतीस वर्षं मी उद्यमबागेत लेथवर उभा.
पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरची बुशं.
चेन-सॉ हे जनावर हातात पहिल्यांदाच:
नऊ किलो, नारिंगी रंग जवळजवळ गेलेला,
बस्त्यावच्या तळव्यानं दांडा गुळगुळीत.

प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल सोडलं
आणि तीन दिवस तिच्याकडं बघितलंच नाही.
धरलेल्या पिस्टनला जोर दाखवणारा
रिंग मोडून घेतो.
चौथ्या दिवशी दोरी हातभर आली,
आतून कुणी नाक शिंकरल्यासारखा आवाज.

टाकीत पेट्रोलची काकवी झालेली.
कार्बोरेटरचा पडदा उडदाच्या पापडागत कडक;
नवा बेळगावात कुठंच मिळेना,
शेवटी कोल्हापूरहून एसटीनं आला,
ड्रायव्हरच्या जेवणाच्या डब्याशेजारी बसून.
क्लचचं झाकण उघडलं तर भुसा,
तेलात दाबून दाबून वडी झालेला.
नखानं फोडला. आत अजून कोरडा, तांबूस.
शेजारचा बसलिंग वास घेऊन म्हणाला, मत्ती.
मी म्हटलं, ऐन.
झाड एकच. चहा प्यायलो.

दांड्यावरचा काळा थर रॉकेलनं पुसताना
खाली अक्षरं लागली, खिळ्यानं ओरखडलेली, कन्नड.
माझं कन्नड बसच्या पाट्यांपुरतं,
एकेक अक्षर जोडत वाचलं: पाटीं कोण.
बसलिंग म्हणाला, लिपी आमची, भाषा नव्हे.
लोंढ्याला फोन लावला.
पलीकडं बराच वेळ नुसती कोंबडी ओरडत होती.
"कोकणी ती. मागे कोण आहे, असं.
रुजार गेला त्या वर्षी कोरलं त्यांनी."
रुजार कोण, ते मी विचारलं नाही.

हिला ब्रेक नाही.
आताच्या मशीनींना पुढं एक पंजा असतोय,
उसळली की मनगट त्याच्यावर आदळतं
आणि साखळी जागच्या जागी गप्प.
हिला थांबवायला काही नाही.
म्हणून पात्याचं नाक लाकडाला लावायचं नाही,
खांद्याच्या वर न्यायची नाही,
डावा अंगठा दांड्याखालून वळवून धरायचा,
गळ्यातला टॉवेल घरी.
बायकोला हे वाचून दाखवलं तर म्हणाली,
"एवढं असताना जायलायसा कशाला?"
मी गोल कानस घेऊन बसलो.
दाताला पाच घासे, सगळ्यांना सारखे;
एक बाजू जास्त धारदार झाली
तर मशीन वाकडी चालायला लागते,
आणि सरळ धरणाऱ्यालाच वाटतं
आपलं काहीतरी चुकतंय.

लोंढ्यात फणस वाटेवर कमानीसारखा पडलेला.
वाकल्या खोडात जोर कोंडून बसलेला असतो,
कुठल्या अंगाला, ते आधी बघायचं.
फिरून बघितलं. दोनदा.
पळायची वाट पायानं साफ केली,
एक नारळाची करवंटी होती, लाथेनं उडवली.
दाबल्या अंगाला थोडं, मग ताणल्या अंगाला.
निळा धूर, पिवळा भुसा, चीक पँटीवर.
अर्ध्यात खोड कण्हलं.

बटण बंद केलं.
साखळी थांबेस्तोवर थांबलो,
मग मागं वळलो.

चाळीस पावलांवर, पायरीवर नातालीनबाई,
नातवाची कॉलर मुठीत घट्ट धरलेली.
पोरगं पुढं झुकलेलं, बाई मागं रेललेली.
तिनं माझ्याकडं बघून मान हलवली.

मी दोरी ओढली.